तांबट आळीतला तपासणी अहवाल

बँकेच्या नोकरीत मी तपासणीचे शेकडो अहवाल लिहिले. त्यांतला एक अजून सलतो. १९९१ साली पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका वृद्ध कारागिराचे कर्जप्रकरण पाहायला गेलो होतो. तांब्याचे पत्रे घ्यायला त्यांना भांडवल हवे होते. आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानांवर आदळतो, हे त्या भागात जाऊन आलेल्यांना सांगायला नको. सारा जन्म त्या आवाजात गेल्याने म्हातारबुवांना कमी ऐकू येई. मी ओरडून विचारले, “यंत्रसामग्री काय आहे?” त्यांनी हातातली हातोडी वर करून दाखवली.

मग एक अर्धवट घंगाळ माझ्यापुढे धरले. न ठोकलेल्या बाजूला अंगठा दाबायला लावला; पत्रा दबला. ठोकलेल्या बाजूला दाबला, अंगठाच दुखला. “मठारलं की ताठ होतं, साहेब. फार ताठ झालं तर तडकतं. मग भट्टीत लाल करायचं, की पुन्हा मऊ.” मी मान डोलावली आणि कचेरीत येऊन लिहिले : यंत्रसामग्री नाही, तारण नाही, शिफारस नाही. कर्ज नामंजूर झाले.

पुढे एका कादंबरीत मला धातुशास्त्राचा प्राध्यापक उभा करायचा होता. त्यासाठी पुस्तके चाळू लागलो, तेव्हा म्हातारबुवांनी दोन वाक्यांत काय सांगितले होते ते कळले. धातूत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत जागोजागी चुका असतात. दिवाणखान्यातली जड सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पुढे सरकवत नेली, तर सगळी सतरंजी तेवढी पुढे येते. धातू वाकतो तो या सुरकुत्या सरकल्यामुळे. हे १९३४ साली तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले, जी. आय. टेलर त्यांतले एक. मठारल्याने सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि पत्रा ताठ होतो. भट्टीत तो गुंता सुटतो.

हा झाला वारंवार मारलेल्या ठोक्यांचा परिणाम. घाव किती वेगाने पडतो, हा प्रश्न निराळा, आणि त्याची कहाणी इंग्लंडमधल्या बापलेकांची आहे. जॉन हॉप्किन्सन यांनी १८७२ साली लोखंडाची तार वरून टांगून तिच्या खालच्या टोकावर वजन आदळवले. तार तुटली, पण कधीकधी वरच्या टोकाशी, जिथे धक्का बसलाच नव्हता! कारण धक्का लाटेसारखा तारेतून वर धावतो, सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने, आणि घट्ट बांधलेल्या टोकावरून उलटताना तिथला ताण वाढतो.

१८९८ साली आल्प्स पर्वतात जॉन आपल्या तीन मुलांसह दरड चढताना मरण पावले. मोठा मुलगा बर्ट्रम तेव्हा वकिली करत होता. त्याने वकिली सोडली आणि बापाचे काम हाती घेतले. (आमच्याकडे अशा वेळी मुलाला अनुकंपा तत्त्वावर कारकून करतात, पण ते असो.) १९०५ साली त्याने दाखवले की लोखंडाची किंवा तांब्याची तार, एरवी जिने तुटली असती, तो ताणसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता सोसून पुन्हा पूर्ववत होते. आकार सोडायला धातूला सवड लागते. ती दिली नाही तर तो जास्त बळकट ठरतो. १९१४ साली त्याने स्फोटाचा दाब मोजणारी पोलादी दांडी तयार केली. १९४९ साली कोल्स्की यांनी तिचे दोन तुकडे करून मध्ये नमुना ठेवायची युक्ती काढली. आजही प्रयोगशाळांत अशाच दांड्या वापरतात. बर्ट्रम १९१८ साली विमान चालवताना गेला. तेही ऑगस्टमध्येच, बापासारखे.

खरा धक्का मला २०२४ साली बसला. अमेरिकेतले डाउडिंग आणि शुह यांनी तापवलेल्या तांब्यावर केसाहून बारीक, कठीण कण बंदुकीच्या गोळीच्या वेगाने मारले. तापमान १५७ अंश सेल्सिअसने वाढवल्यावर तांबे मऊ पडण्याऐवजी सुमारे ३० टक्के अधिक बळकट झाले! सोने आणि टायटॅनियम यांचेही तसेच.

असे का व्हावे? गणपतीच्या दिवसांतला लक्ष्मी रस्ता आठवा. तुम्ही सावकाश निघालात, तर गर्दीतली ढकलाढकलीच तुम्हाला खांबाच्या, हातगाडीच्या पलीकडे नेते. पण धावायचे म्हटले तर तीच गर्दी पावलोपावली आडवी येते. उष्णता म्हणजे अणूंची थरथर. सुरकुती सावकाश सरकते तेव्हा ही थरथर तिला अडथळा ओलांडायला मदत करते. भन्नाट वेगात तीच तिला मागे खेचते. जितके तापमान जास्त, तितकी ओढ जास्त. हातोडीच्या वेगाला मात्र हा नियम लागू होत नाही. तिथे म्हातारबुवांचेच खरे.

हे त्यांना सांगावे असे फार वाटले. गेल्या हिवाळ्यात आळीत गेलो. ते केव्हाच गेले होते. मुलगा, आता पन्नाशीचा, हंडा मठारत बसला होता. मी सगळे सांगितले. त्याने हातोडी थांबवून ऐकले आणि हसला. “तापल्यावर कडक? बाबांनी ऐकलं असतं तर तुम्हाला चहा न देताच घालवलं असतं.”

चहा आला. मग तो माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाला, “बाबांच्या कर्जाला तपासायला आला होतात, ते तुम्हीच ना?”

मी हो म्हणालो.

“आईच्या पाटल्या मोडून पत्रे आणले त्या वर्षी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. हंडा फिरवून त्याने न ठोकलेली बाजू वर घेतली, आणि पुन्हा ठोके सुरू झाल्यावर बोलणे ऐकू येणे शक्यच नव्हते.