डॉक्टरांचे उत्तरदायित्व आणि सामान्य रुग्ण

रोगी दगावला की ‘आयुष्याची दोरीच तेवढी होती’ असे म्हणून कपाळाला हात लावायचा, ही आपली जुनी रीत. परंतु दैवाच्या खात्यावर मांडलेले काही मृत्यू वास्तविक माणसाच्या हयगयीचे असतात. त्यांचा जाब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

कायद्याने हा हक्क नाकारलेला नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या पुळणीवर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यातील रुग्णालयात भूल न देताच ते जोर लावून बसवण्यात आले आणि त्याच दिवशी तो मरण पावला. वडिलांनी दावा लावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. पुढे १९९८ साली कोलकात्यातील सदोष उपचारांनंतर एका महिलेचा अंत झाला. तिच्या पतीस २०१३ साली त्याच न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये मंजूर केले. भरपाईचा आकडा आकाशाला भिडला, पण काळ मात्र दोन्ही वेळी १५ वर्षांचाच लागला!

आणखी एक साम्य विचार करण्याजोगे आहे. तो पिता आणि तो पती, दोघेही स्वतः डॉक्टर होते. चूक कोठे झाली, हे त्यांना कळत होते. पेडण्याच्या शेतकऱ्याने वा काणकोणच्या रापणकाराने ती कशी ओळखावी आणि कोणाच्या तोंडून सिद्ध करावी?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तर तीन महिन्यांत, आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकालाची अपेक्षा आहे. मात्र जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, अशा रुग्णालयातील गरीब या कक्षेबाहेरच राहिला. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याच्या प्राणाचे मोल कमी काय?

डॉक्टरांची बाजू आम्ही विसरत नाही. प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. घोर हयगय असल्यावाचून डॉक्टरला फौजदारीत ओढू नये आणि त्याआधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे, हा २००५ चा निर्णय रास्तच होता. रुग्णालयाची मोडतोड करणाऱ्या झुंडशाहीचा आम्ही निःसंदिग्ध निषेध करतो. पण न्यायाचे दार ज्याला बंद दिसते, त्याचाच हात अखेर दगडाकडे वळतो, हेही ध्यानी घ्यावे.

म्हणून शिक्षा वाढवण्यापेक्षा पुरावा रुग्णाच्या हाती देणे अधिक अगत्याचे आहे. मागणी केल्यास ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असा नियम २००२ पासून आहे. ती न मागताच, घरी सोडताना मिळाली पाहिजेत. मत देणारे तज्ज्ञ दुसऱ्या जिल्ह्यातील वा राज्यातील असावेत, आणि त्यांच्या अहवालास मुदतीचे बंधन असावे. सरकारी रुग्णालयातील मोफत रुग्णासाठी शासनाने स्वतंत्र भरपाई निधी उभारावा.

प्रामाणिक डॉक्टरला यातले काहीच भिववणारे नाही. उलट त्याचीच टिपणे त्याचे रक्षण करतील. समाजाने वैद्याला देवाच्या पंक्तीला बसवले, ते श्रद्धेपोटी. ती श्रद्धा टिकवायची असेल, तर त्याने माणसासारखे उत्तर देण्यास तयार असले पाहिजे.