वाळवी लावणारा जादूगार

वॉरसाँग गल्चच्या मैदानात एका बैलमुखी टॉरेन योद्ध्याने माझ्या बुटक्या नोमचा निकाल लावला. कुऱ्हाडीचे तीन-चार घाव, बस्स. मग माझ्या प्रेताशेजारी उभं राहून तो नाचायला लागला. हरलेल्याला खिजवायची तिथली ही जुनी रीत. मी पडद्यावरच्या स्वतःच्या प्रेताकडे बघत मनात मोजत होतो: नऊ, दहा, अकरा... आणि नाचता नाचता टॉरेन जागीच आडवा झाला. मरण्यापूर्वी मी त्याच्या अंगावर सोडलेल्या शापाने त्याला खाल्लं होतं. रात्रीचे दोन वाजले होते. मी इतक्या मोठ्याने हसलो की पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, “बरा आहेस ना रे?”

बरा नव्हतोच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातल्या वॉरलॉक नावाच्या जादूगाराचं वेड लागलं होतं, आणि त्यातही त्याच्या अफ्लिक्शन शाखेचं. आगीचे गोळे फेकणारा मेज म्हणजे सुतळी बॉम्ब: वात पेटली, दणका झाला, संपलं. अफ्लिक्शन वॉरलॉक म्हणजे वाळवी. दाराची चौकट बाहेरून शाबूत दिसते, बोट लावलं की भुगा. हा गडी मोठा घाव घालतच नाही. दर दोन-तीन सेकंदांनी थोडं थोडं कुरतडणारे मंत्र तो शत्रूच्या अंगावर सोडतो. अशा मंत्राला खेळाडू ‘डॉट’ म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक चाव्याला ‘टिक’.

संपादकांच्या आग्रहाखातर पार्श्वभूमी: ब्लिझर्ड कंपनीचा हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ला अमेरिकेत सुरू झाला. महिन्याची वर्गणी भरायची आणि अझेरॉथ नावाच्या जगात हजारो लोकांबरोबर एकाच वेळी वावरायचं. ऑक्टोबर २०१०मध्ये वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. वॉरक्राफ्टच्या आधी, १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातला नेक्रोमॅन्सर हेच डॉटचे उद्योग करत असे. झाली पार्श्वभूमी.

मी या शाखेकडे वळलो ते नाइलाजाने. भारतात सर्व्हर नव्हता, म्हणून युरोपातल्या सर्व्हरवर खेळायचो. इथे कळ दाबली की तिथे परिणाम दिसायला पाव सेकंद, आणि पावसाळ्यात केबलवाल्याच्या कृपेने त्याहून बराच जास्त. झटपट हालचालींवर जगणाऱ्या पात्रांचे त्यात हाल व्हायचे. डॉटचं तसं नाही. मंत्र एकदा लागला की टिकांचा हिशेब सर्व्हर ठेवतो. आमच्याकडे भारनियमनाची वेळ झाली, पडदा काळा झाला, तरी तिकडे माझा मंत्र आपलं काम करतच असायचा.

आता माझ्या लाडक्या शापाविषयी. त्याचं नाव ‘कर्स ऑफ अ‍ॅगनी’. जुन्या आवृत्तीत तो २४ सेकंद टिकायचा आणि दर दोन सेकंदांनी एक, अशा १२ टिका द्यायचा. पण सगळ्या टिका सारख्या नसत. पहिल्या चार अर्ध्या ताकदीच्या, मधल्या चार पूर्ण, शेवटच्या चार दीडपट. सर्वांत वरच्या पायरीवर हा शाप एकूण १०४४ इजा करायचा. वाटणी मांडा: पहिल्या आठ सेकंदांत १७४, पुढच्या आठांत ३४८ आणि शेवटच्या आठांत ५२२. म्हणजे निम्मं काम शेवटच्या तिसऱ्या हिश्शात! टॉरेनला नाचायची घाई नडली ती इथेच. चक्रवाढ व्याजावर घरं बुडालेली पाहिलेल्या कुणालाही हा शाप समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून नवख्या वॉरलॉकची पहिली चूक म्हणजे उतावळेपणा. शाप संपायच्या आत तोच पुन्हा टाकला, तर उरलेल्या टिका वाया जायच्या, आणि त्याच तर सर्वांत दांडग्या. याला ‘क्लिपिंग’ म्हणत. बोट कळीवर ठेवून न दाबणं, हे कौशल्य मी कितीतरी रात्री घालवून शिकलो. पुढे खेळ बदलला. आता मुदतीच्या ३० टक्क्यांपर्यंतचा उरलेला वेळ नव्या मंत्रात जमा होतो. १८ सेकंदांवर आलेल्या अ‍ॅगनीचे शेवटचे ५.४ सेकंद उरले असताना तो पुन्हा टाकला तर काहीच वाया जात नाही. सोय झाली खरी, पण माझ्या मते थोडी मजा गेली. चूक महाग होती तोवर संयमाला किंमत होती.

डॉटवाल्यांची खरी अवहेलना व्हायची रेडमध्ये. ‘मोल्टन कोअर’सारख्या गुहेत ४० जण मिळून एका बॉसवर तुटून पडायचे, पण त्या बॉसच्या अंगावर एका वेळी जास्तीत जास्त १६ डीबफ, म्हणजे शत्रूला लागलेले वाईट परिणाम, मावायचे. अगदी सुरुवातीला तर आठच! १७वा आला की आधीचा एखादा खाली पडणार. योद्ध्यांचे चिलखत फोडणारे घाव महत्त्वाचे, आमचा ‘करप्शन’ डॉट बिनमहत्त्वाचा. मग कानातल्या हेडफोनवर नायकाचा आवाज चढायचा: “करप्शन कुणी टाकलं?” वाळवीच्या जादूगाराने मुकाट्याने ‘शॅडो बोल्ट’ हा साधा एकघावी मंत्र फेकत बसायचं, म्हणजे गवयाला टाळ वाजवायला बसवल्यासारखं. २००७च्या ‘बर्निंग क्रुसेड’ने ही मर्यादा ४०वर नेली, तेव्हा मी खरोखर पेढे वाटले. कशाचे, ते ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

इथे थोडं आडवाटेला जातो. या खेळातला सर्वांत गाजलेला डॉट वॉरलॉकचा नव्हताच. सप्टेंबर २००५मध्ये ‘झुल'गुरुब’ या मोहिमेत हक्कर नावाचा बॉस आला. त्याचं ‘करप्टेड ब्लड’ अंगावर टिका तर द्यायचंच, शिवाय जवळ उभ्या असलेल्याला लागायचं. ते गुहेतच राहायला हवं होतं. पण शिकाऱ्यांनी आपले बाधित प्राणी तिथे पडद्याआड पाठवले आणि शहरात परत बोलावले. गजबजलेल्या शहरांत सांगाड्यांचा खच पडला. दुकानदार पात्रं स्वतः मरत नव्हती, पण गिऱ्हाइकांना लागण देत होती. काही खेळाडू मदतीला धावले, काही गावाबाहेर पळाले, काहींनी मुद्दाम साथ पसरवली. अखेर सर्व्हर पुन्हा सुरू करावे लागले. एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये यावर लेख लिहिला. २०२०मध्ये घरात कोंडून बसलो असताना मला तो दुकानदार रोज आठवायचा.

ऑगस्ट २०१९मध्ये ब्लिझर्डने जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने परत आणली, त्या १६च्या मर्यादेसकट. मी भारतीय मुलांच्या एका संघात शिरलो. रेडचा नायक पुण्याचा, माझ्या निम्म्या वयाचा. पहिल्याच रात्री तो अदबीने म्हणाला, “काका, तेवढं करप्शन नका टाकू.” काकांनी मान डोलावली, दोन तास शॅडो बोल्ट फेकले आणि रेड संपल्यावर कुणाला न सांगता एकटेच विंटरस्प्रिंगच्या बर्फात गेले. तिथे एक यती दिसला. माझ्या व्हॉइडवॉकरला, म्हणजे वॉरलॉकच्या हुकमातल्या राक्षसाला, त्याच्यापुढे उभं केलं, यतीच्या अंगावर तीन डॉट सोडले आणि चहा टाकायला उठलो.

चहा गाळून परत आलो तेव्हा व्हॉइडवॉकर एकटाच उभा होता.