राजा घाट कुणाचा? अमृतराव पेशव्यांविषयीचे काही गैरसमज

काशीत केदार घाटाकडून दशाश्वमेधाकडे नदीकाठाने निघालात, की मानसरोवर आणि नारद घाट ओलांडल्यावर राजा घाट लागतो. मराठी यात्रेकरू इथे फारसे रेंगाळत नाहीत. अहिल्याबाई घाट सगळ्यांना पाहायचा असतो. वाटेतला हा ‘राजा’ म्हणजे काशीनरेश असणार, असे धरून ते पुढे जातात.

पण काशीनरेशांचा किल्ला गंगेपलीकडे रामनगरला आहे. या घाटाचे जुने नाव अमृतराव घाट. ज्यांच्या नावाने तो ओळखला जाई, ते अमृतराव रघुनाथराव पेशवे काही महिने पुण्याचा कारभार चालवून कायमचे उत्तरेत गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर एक वाक्य येते. म्हणूनच त्यांच्याविषयी ऐकीव गोष्टी अधिक पसरल्या असाव्यात.

गैरसमज : हा घाट १७२० मध्ये माधवराव पेशव्यांनी बांधला आणि १७८० ते १८०७ या काळात अमृतरावांनी तो पक्का करवला.

घाटाविषयीच्या मजकुरात ही माहिती वारंवार आढळते. मराठी वाचकाने तरी ती तशीच पुढे पाठवू नये. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ वारले आणि पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. माधवरावांचा जन्मच १७४५ चा, आणि त्यांची पेशवाई १७६१ ते १७७२. पुढचे १७८० हे वर्षही पटत नाही. त्या सुमारास रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला सुरतेत होते आणि अमृतराव कोवळ्या वयाचे होते. गंगेवर चुनारचा दगड रचायला लागणारा पैसा आणि निवांतपणा त्यांना मिळाला तो १८०३ नंतर. १८०७ हे वर्ष मात्र त्यांच्या काशीतल्या वास्तव्याशी जुळते. गणेश घाटावरचे अमृतविनायकाचे देऊळही त्यांचेच.

गैरसमज : अमृतराव हे दुसऱ्या बाजीरावांचे सख्खे भाऊ.

ते दत्तक. मूळ आडनाव भुस्कुटे. १७६८ मध्ये रघुनाथरावांना वारस नव्हता आणि पुतण्या माधवरावांशी त्यांचे वैर विकोपाला गेले होते. त्या वर्षी त्यांनी अमृतरावांना दत्तक घेतले. पुढे १७७५ मध्ये धारला आनंदीबाईंच्या पोटी बाजीराव जन्मले. रघुनाथराव १७८३ मध्ये वारले आणि त्यानंतर धाकटे चिमाजीअप्पा जन्मले. घरात वयाने थोरले अमृतराव, पण औरस मुलगा आल्यावर दत्तकाचे स्थान मागे सरकते. तिघेही भाऊ नाना फडणविसांच्या नजरकैदेत वाढले. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये आधी चिमाजीअप्पा आणि मग बाजीराव गादीवर आले. या साऱ्या घालमेलीत अमृतरावांचे नाव गादीसाठी पुढे आले नाही. कारभारासाठी मात्र आले. १७९७ च्या अखेरीस नाना कैद झाले, तेव्हा भावाचा कारभार काही काळ त्यांनीच पाहिला. पुढचे सगळे समजून घ्यायला हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

गैरसमज : होळकरांच्या मदतीने अमृतराव स्वतः पेशवे झाले.

१८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायाखाली देऊन मारले. त्याचा जाब विचारत यशवंतराव होळकर दक्षिणेत उतरले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव सिंहगडावरून कोकणात उतरले आणि वसईला पोहोचले. ‘परत या’ हा यशवंतरावांचा निरोप त्यांनी मानला नाही. पुणे धन्यावाचून पडले.

अमृतराव तेव्हा भावाशी बिनसल्यामुळे जुन्नरला होते. नोव्हेंबरात यशवंतरावांनी त्यांना पुण्यात आणले. गादीवर अमृतरावांचा मुलगा विनायकराव बसावा आणि कारभार अमृतरावांनी पाहावा, अशी ती मांडणी होती. म्हणजे अमृतराव पेशव्यांच्या जागी आले ते कारभारी म्हणून. पेशव्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही ते यामुळेच.

जगात अशा माणसांची उदाहरणे कमी नाहीत. चीनच्या मांचू राजघराण्यातल्या दोर्गोनने १६४३ पासून लहानग्या पुतण्याच्या नावाने राज्य चालवले आणि पुढच्याच वर्षी बीजिंग घेतले. १६५० मध्ये तो वारला. त्याला मरणोत्तर सम्राटपद मिळाले आणि थोड्याच दिवसांत ते काढूनही घेतले गेले. छ्येनलुंग सम्राटाने १७७८ मध्ये त्याच्या नावावरचा कलंक पुसला. त्याच घराण्यातला झायफेंग अमृतरावांना अधिक जवळचा. त्याचा मुलगा पूयी दोन वर्षांचा असताना १९०८ मध्ये सम्राट झाला आणि मुलाच्या नावाने झायफेंग कारभार पाहू लागला. क्रांती पेटल्यावर डिसेंबर १९११ मध्ये त्याने ते पद सोडले आणि पुढची चाळीस वर्षे तो राजकारणापासून दूर राहिला. अमृतरावांना तर सहा महिनेही मिळाले नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावांनी वसईचा तह केला आणि कंपनीची फौज त्यांना गादीवर बसवायला निघाली.

त्या काही महिन्यांचे गोडवे गावेत, असे मी म्हणणार नाही. होळकरांच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी पुण्याच्या सावकारांकडून आणि घरंदाज लोकांकडून पैसा पिळून काढला गेला. नावाने कारभार अमृतरावांचा होता. त्या जुलमाच्या जबाबदारीतून त्यांना वगळता येत नाही.

गैरसमज : अमृतराव पुणे जाळणार होते, वेलस्ली वेळेवर पोहोचला म्हणून शहर वाचले.

आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टनने, सुमारे ६० मैलांची सलग दौड मारून २० एप्रिल १८०३ रोजी पुणे गाठले, हे खरे. पण जाळपोळीच्या बेताची बातमी त्याच्याकडे कुठून आली, ते पाहिले पाहिजे. वसईत बाजीराव होते आणि त्यांच्यासोबत कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज. बातमी त्या बाजूने आली. वेलस्ली शहरात शिरण्याआधीच अमृतराव निघून गेले होते. त्यांनी पुण्याला आग लावली नव्हती. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले. विजेत्याच्या बाजूने आलेला आरोप दोनशे वर्षे पुराव्यावाचून चालत राहावा, याचे मला वाईट वाटते.

त्याच वेलस्लीने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमृतरावांशी करार केला. वर्षाला सात लाख रुपयांची नेमणूक ठरली आणि नोव्हेंबरात अमृतराव त्याच्या छावणीत दाखल झाले. होळकरांच्या बाजूने आलेला माणूस कंपनीच्या पगारावर गेला, म्हणून कुणी त्यांना फितूर म्हणतात. ज्या बाजीरावांना कंपनीने गादीवर बसवले, त्यांनाही १८१८ मध्ये आठ लाखांवर बिठूरला जावे लागले. दोन भावांच्या शेवटात अंतर एका लाखाचे आणि पंधरा वर्षांचे.

म्हणजे पेशवाई बुडाल्यावर हे घराणे काशीला आले, ही समजूतही चूक. अमृतराव कितीतरी आधीपासून तिथे होते. १८१८ नंतर आले ते चिमाजीअप्पा. मोरोपंत तांबे त्यांच्याच पदरी होते, आणि म्हणून झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा.

काशीने अमृतरावांना ओळखले ते दानधर्मावरून. सप्टेंबर १८२४ मध्ये बिशप हेबर त्या शहरात होता, आणि अमृतराव त्याच महिन्यात वारले. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे, की आपल्या दैवताच्या दिवशी गंगास्नान करून अमृतराव येईल त्या ब्राह्मणाला, आंधळ्याला, पांगळ्याला ताटभर भात आणि एक रुपया देत. हे दान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. हेबर ख्रिस्ती धर्मगुरू होता. अमृतरावांच्या धर्माची भलामण करण्याचे त्याला काही कारण नव्हते. म्हणून ही साक्ष मोलाची.

राहिला एक गैरसमज : करवीचा खजिना नानासाहेब पेशव्यांचा होता. तो होता अमृतरावांच्या घराण्याचा. विनायकरावांनी चित्रकूटजवळ करवीला बस्तान बसवले आणि तिथे गणेशबाग बांधली. १८५३ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे असलेले नारायणराव आणि माधवराव १८५७ च्या उठावात ओढले गेले. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकने करवी घेतली आणि वाड्यातली संपत्ती लूट म्हणून जप्त केली. नारायणराव हजारीबागच्या कैदेत वारले. लुटीत कोणत्या पलटणीचा किती वाटा, यावरून इंग्रज अधिकाऱ्यांतच भांडण जुंपले, आणि ते लंडनच्या नौदल न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लशिंग्टन यांनी त्याचा निकाल १८६६ मध्ये दिला.