घरच्या खोबरेलाची चॉकलेट-वडी

विरार पूर्वेला, चंदनसारच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांना नारळाचे अप्रूप नाही. जीवदानीच्या गडावरून आलेला प्रसादाचा नारळ, पूजेचा नारळ, ओटीचा नारळ असे पाहता पाहता घरात चार-पाच साठतात. रुळांपलीकडे आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्या तर आहेतच. या नारळांचे तेल घरीच काढावे आणि त्यात कोको मिसळून घरातील ज्येष्ठांसाठी मऊ वड्या कराव्यात. मात्र त्या कशा कराव्यात याइतकेच त्या किती आणि कोणाला द्याव्यात, हेही आपण जाणून घ्यायला हवे.

ओल्या खोबऱ्यापासून कढवून काढलेल्या तेलाला दक्षिण कोकणात ‘आवेल’ म्हणतात. दोन नारळ फोडल्यावर आधी वास घ्यावा. जराही खवट वाटला तर तो नारळ बाजूला ठेवावा. खोबरे खवून कोमट पाण्यात वाटावे, स्वच्छ पंच्यातून घट्ट पिळावे आणि ते दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर आलेला घट्ट थर तेवढा काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावा आणि ढवळत राहावे. प्रथम पाणी आटते, मग साका बदामी होऊ लागतो आणि तेल निवळते. घरात तूप कढवणाऱ्या आजींना ही खूण सांगावी लागणार नाही. तडतड थांबली की पाणी गेले असे समजावे. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर खवट होते. म्हणून गाळणे आणि बरणी दोन्ही कोरडी ठणठणीत हवीत. एवढ्या खटाटोपातून वाटीभरही तेल निघत नाही. पण त्या सुवासाची सर विकतच्या बाटलीला नाही, असे आमचे मत आहे.

आता वडी. चार मोठे चमचे तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात पातळ करावे. त्यात तीन मोठे चमचे चाळलेली, साखर नसलेली कोको पावडर, चिमूटभर मीठ आणि थोडे जायफळ घालावे. गोडीसाठी मध किंवा गूळ घालण्याचा मोह होतो, पण ते तेलात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. त्यापेक्षा बिया काढलेले चार-पाच मऊ खजूर न भिजवता, याच तेलाचा चमचाभर घेऊन गुळगुळीत वाटावेत. दात शाबूत असणाऱ्यांसाठी वसईची सुकेळी अगदी बारीक चिरून घालावीत. राजेळी केळी वाळवून केलेला हा आपल्या भागाचा मेवा कोकोशी छान जुळतो. मिश्रण थाळीत पसरून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि सोळा लहान तुकडे करावेत.

खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे खजुराची वडी जिभेवरच विरघळते. कवळी असणाऱ्यांना ती कडक गोळीपेक्षा सोयीची. परंतु पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. सुकेळ्यांची तर नाहीच.

प्रमाणाचा हिशेब असा. एका तुकड्यात सुमारे साडेतीन ग्रॅम तेल येते आणि त्यातील जवळपास तीन ग्रॅम संपृक्त स्निग्धांश असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त स्निग्धांशाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. १६०० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या ज्येष्ठासाठी ही मर्यादा सुमारे १८ ग्रॅम होते. म्हणजे दोन वड्यांतच तिचा तिसरा हिस्सा संपला. दूध, तूप, भाजीतले खोबरे यांचा हिशेब वेगळाच. म्हणून दिवसाला एक वडी पुरे. ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, कारण खोबरेलाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, असे अनेक चाचण्यांच्या २०२० मधील एकत्रित अभ्यासात दिसले आहे. खोबरेलाने स्मृतिभ्रंश बरा होतो, हा मोबाईलवर फिरणारा दावा सिद्ध झालेला नाही. त्याच्या भरवशावर चालू गोळ्या थांबवू नयेत.

मधुमेही ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. खजुरातही साखर असतेच, तेव्हा ही वडी त्यांच्या आहारात मोजून धरावी. मात्र रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर हीच वडी हाती देऊ नये. तिच्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि त्या वेळी तर घाई असते. रुग्ण शुद्धीवर असेल व नीट गिळू शकत असेल, तर ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. ग्लुकोजची पुडी वड्यांच्या डब्याशेजारी नको, रुग्णाच्या उशाशी असावी.

कोकोत थोडे कॅफिन असते, म्हणून वडी दुपारच्या चहाच्या वेळी द्यावी, झोपताना नको. वैशाखात ती फ्रिजबाहेर तग धरत नाही. डबा आतच ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा.