तिकीट नाही मिळालं, तरी काम करणार ना?

निवडणूक जवळ आली की पक्षांच्या कार्यालयांत इच्छुकांच्या मुलाखती सुरू होतात. प्रभागात संपर्क किती, समाजाचं गणित कसं जुळतं, खर्चाची तयारी आहे का, या प्रश्नांची उत्तरं माणूस पाठ करूनच आलेला असतो. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: पक्षानं दुसऱ्याला उमेदवारी दिली, तर त्याचं काम करणार का? याला कुणी ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. ‘पक्षाचा आदेश शिरसावंद्य’ असं म्हणून इच्छुक नमस्कार करतो, बाहेर येतो आणि गरज पडली तर अपक्ष अर्ज भरता यावा म्हणून थकबाकी नसल्याचे दाखले गोळा करायला लागतो.

अमेरिकेत हाच प्रश्न लेखी विचारला जातो. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षांतर्गत मतदानातून ठरतं आणि रिंगणातल्या प्रतिस्पर्ध्यांकडून कधी कधी आधीच लिहून घेतात की जो जिंकेल त्याच्यामागे आम्ही उभे राहू. आपल्याकडे असं मतदान नाही, पण वचन आहे. आणि ते मोडण्याची परंपराही चांगली रुजलेली आहे.

कळव्याचा मतदार या बाबतीत अनुभवी म्हणावा लागेल. त्याची महापालिका ठाण्याची, विधानसभा मुंब्रा-कळव्याची आणि लोकसभा कल्याणची. तीन निवडणुकांत तीन वेगळी गणितं, आणि एका गणितातला मित्र दुसऱ्यात समोर उभा. २०२४ च्या विधानसभेला राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाच्या जितेंद्र आव्हाडांसमोर अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं नजीब मुल्लांना उतरवलं. पक्ष एकसंध होता तेव्हा मुल्ला आव्हाडांच्या जवळच्या वर्तुळातले मानले जात. कळवेकरांना या लढतीत नवल वाटलं नाही. आव्हाड मोठ्या फरकानं जिंकले आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते महापालिकेच्या तयारीला लागले.

ती तयारी लांबली. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मग जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान. जागा १३१, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. इतकी वर्षं वाढदिवसांचे फलक, दहीहंडी, आरोग्य शिबिरं आणि सहलींवर खर्च करून बसलेले इच्छुक किती असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल. पक्षांनाही तो होता. म्हणून राज्यात ठिकठिकाणी उमेदवारांच्या याद्या जाहीर करण्याऐवजी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ३० डिसेंबरपर्यंत, एबी फॉर्म हातात राखून ठेवले गेले. ज्याला द्यायचं त्याला गुपचूप फोन. बाकीच्यांना कळेपर्यंत दुपारचे तीन वाजलेले. दिलेल्या वचनावर पक्षाचा स्वतःचा विश्वास किती असतो, ते या लपवाछपवीवरून समजतं.

एबी फॉर्म हे सामान्य वाचकानं ऐकलेलं, पण क्वचितच पाहिलेलं प्रकरण. मुळात हे दोन कागद आहेत. ‘ए’ मध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे, त्याची सही अशी. ‘बी’ मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव कळवतो, सोबत पर्यायी उमेदवाराचंही. दोन्ही कागद वेळेत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले तरच पक्षाचं चिन्ह मिळतं. वीस वर्षांची निष्ठा एका बाजूला आणि शाईनं सही केलेला हा कागद दुसऱ्या बाजूला ठेवला, तर कायदा फक्त कागद पाहतो. २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसनं सुधीर तांबेंना उमेदवारी दिली. त्यांनी अर्जच भरला नाही. त्यांचे चिरंजीव सत्यजित तांबे अपक्ष उभे राहिले, आपल्याला चुकीचे एबी फॉर्म पाठवले गेले असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं, आणि ते निवडूनही आले.

कळव्याहून लोकलनं कल्याणला जावं आणि पूर्वेला उतरावं. एकीच्या वचनांचं काय होतं, हे कल्याण पूर्वेइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. २०१९ मध्ये युतीत ही जागा भाजपकडे होती आणि उमेदवार होते गणपत गायकवाड. युतीधर्म पाळायचा, असं वरून सांगितलं गेलं होतं. तरी शिवसेनेचे धनंजय बोडारे बंडखोर म्हणून उभे राहिले आणि सुमारे बारा हजार मतांनी हरले. शेजारच्या कल्याण पश्चिमेत त्याच वर्षी उलटा प्रकार घडला. जागा शिवसेनेकडे गेली, तर भाजपचे मावळते आमदार नरेंद्र पवार अपक्ष लढले. जिंकले शिवसेनेचे विश्वनाथ भोईर. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन मित्रपक्षांनी एकमेकांना सारखीच परतफेड केली.

जून २०२३ मध्ये तर गोष्ट ठरावापर्यंत गेली. डोंबिवलीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याची बदली होत नाही, तोवर शिंदेंच्या शिवसेनेचं काम करायचं नाही, असं कल्याणच्या भाजप पदाधिकाऱ्यांनी ठरवलं. राज्यात दोघांचं सरकार आणि मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव इथले खासदार! श्रीकांत शिंदेंनी युतीसाठी राजीनामा द्यायची तयारी दाखवली, मग वरिष्ठांनी समजूत घातली. पुढे २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड जखमी झाले आणि आमदार गणपत गायकवाडांना अटक झाली. वाद जमिनीचा होता, पण दोघं सत्तेतल्या मित्रपक्षांचे पुढारी होते.

नऊ महिन्यांनी विधानसभा आली. भाजपनं गणपत गायकवाडांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली. महेश गायकवाडांनी महायुतीचं काम करावं, अशी अपेक्षा ठेवणं धाडसाचंच होतं. ते अपक्ष लढले, पक्षानं त्यांची हकालपट्टी केली. सुलभा गायकवाड सुमारे २६ हजारांनी जिंकल्या, महेश गायकवाड दुसरे आले. ठाकरेंच्या शिवसेनेचे अधिकृत उमेदवार तिसरे. ते कोण? धनंजय बोडारे. पाच वर्षांपूर्वी बंडखोर म्हणून दुसऱ्या क्रमांकावर होते, अधिकृत झाल्यावर नव्या बंडखोराच्याही मागे पडले.

बंडखोरीची शिक्षा साधारणपणे सहा वर्षं निलंबन. २०२४ मध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत टळताच भाजपनं ३७ मतदारसंघांतल्या ४० जणांना काढलं, बाकीच्या पक्षांच्याही याद्या निघाल्या. पण या शिक्षेत मोठी गोम आहे. हरलेल्याला ती लागते. जिंकलेल्याला हार घातला जातो. मीरा-भाईंदरमध्ये २०१९ ला गीता जैन यांनी भाजपचे नरेंद्र मेहता यांना अपक्ष राहून हरवलं आणि लगेच भाजपलाच पाठिंबा दिला. २०२४ मध्ये मेहतांना पुन्हा तिकीट मिळालं, जैन पुन्हा अपक्ष राहिल्या, या वेळी हरल्या. सांगलीत २०२४ च्या लोकसभेला जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली म्हणून काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहून जिंकले, आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार पाटील बाजूला पडले आणि निकालानंतर विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. इतकं पाहिल्यावर पुढच्या इच्छुकानं मुलाखतीतल्या ‘हो’ला किती किंमत द्यावी?

तोंडी शब्द टिकत नाही म्हणून तो स्टँपपेपरवर घ्यावा, हा उपाय शिवसेनेनं करून पाहिला. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला. ठाणे महापालिकेत २०१७ ला शिवसेनेचे ६७ जण निवडून आले होते, त्यांतले ६६ जण एकनाथ शिंदेंबरोबर गेले. मागे राहिल्या फक्त तेव्हाचे खासदार राजन विचारेंच्या पत्नी नंदिनी विचारे. मग मातोश्रीवरून राज्यभर निष्ठेची प्रतिज्ञापत्रं मागवण्यात आली. गठ्ठेच्या गठ्ठे जमा झाले. त्यांतली काही बनावट असल्याच्या तक्रारीवरून वांद्र्याच्या निर्मलनगर पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाचा निकाल आला तेव्हा आयोगानं आमदार-खासदार कुणाकडे किती आणि त्यांना मतं किती, हे मोजलं. नाव आणि धनुष्यबाण शिंदेंकडे गेला. प्रतिज्ञापत्रांच्या ढिगानं पारडं हललं नाही.

गोव्यात माणसांच्या साक्षीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून देव साक्षीला बोलावले. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका झटक्यात भाजपमध्ये गेले होते. तो धडा घेऊन २२ जानेवारी २०२२ ला काँग्रेसनं आपल्या ३४ उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. पुढे प्रतिज्ञापत्रंही झाली. ११ आमदार निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले, दिगंबर कामत आणि मायकल लोबो यांच्यासह. आठच का? पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदार विलीन झाले तर आमदारकी जात नाही आणि अकराचे दोन तृतीयांश म्हणजे किमान आठ. शपथेचं काय झालं, असं विचारल्यावर आपण देवाला पुन्हा कौल लावला, अशा आशयाचं उत्तर कामतांनी दिलं. मंदिरात दिलेला शब्द मोडायला कारण लागलं आणि ते मंदिरातूनच मिळालं. कायद्याची अट मात्र एका आकड्यानंही चुकली नाही.

अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या वादसभेत विचारलं गेलं की पक्षाचा जो उमेदवार ठरेल त्याला पाठिंबा देण्याची हमी कोण देणार नाही? हात एकट्या डोनाल्ड ट्रम्प यांनी वर केला. महिनाभरानं, ३ सप्टेंबरला, त्यांनी हमीपत्रावर सही केली आणि कॅमेऱ्यांसमोर ते उंचावून दाखवलं. मार्च २०१६ मध्ये त्यांनी ती हमी मागे घेतली. त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ आणि जॉन केसिक हेही त्याच सुमारास मागे सरले. २०२३ मध्ये हमीपत्रावर सही असल्याशिवाय वादसभेत प्रवेश नाही, असा नियम झाला. ट्रम्प वादसभेला गेलेच नाहीत, सहीही केली नाही, आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली.

तिथे खरा लगाम हमीपत्राबाहेर आहे. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की पक्षांतर्गत निवडणुकीत हरलेल्याला त्याच पदासाठी त्याच वर्षी अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून मतपत्रिकेवर नाव आणता येत नाही. वचन मोडायची वाटच बंद. जिथे असा कायदा नाही, तिथे आपल्यासारखंच घडतं. कनेक्टिकटमध्ये २००६ साली सिनेटर जो लीबरमन पक्षांतर्गत निवडणुकीत नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, स्वतंत्र उभे राहिले आणि लॅमाँटना हरवून पुन्हा सिनेटमध्ये गेले. विशाल पाटलांची गोष्ट सांगलीकरांनी जरूर सांगावी, पण पहिला मान तिचा नाही.

आपल्याकडे असा कायदा आणायचा, तर आधी उमेदवार निवडण्याची काही जाहीर पद्धत हवी. हरलाच नाही, त्याला हरलेला कसा म्हणणार? इथल्या इच्छुकाशी कुणी लढलेलं नसतं. ‘सर्वेक्षणात तुमचं नाव नव्हतं’ एवढंच त्याला कळतं आणि ते सर्वेक्षण त्याला कधी दाखवलं जात नाही. त्याच्याकडून वचन घेणारा पक्ष त्याला उलट काहीच वचन देत नाही: निकष काय, निर्णय कोण घेणार, कधी सांगणार. बंडखोराला गद्दार म्हणणं सोपं आहे, पण या एकतर्फी व्यवहारातला दुसरा पक्षकारही तपासायला हवा.

पक्षांतर्गत मतदानाचा प्रयोग आपल्याकडे एकदा झाला. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशभरातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधींच्या मतदानानं उमेदवार निवडायचं ठरवलं. गुजरातेत वडोदऱ्यात नरेंद्र रावत हे मतदान जिंकले. मग समोर नरेंद्र मोदी उभे राहणार असं ठरलं, रावत बाजूला झाले आणि पक्षानं मधुसूदन मिस्त्रींना उतरवलं. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा निवडले होते. लातुरात दत्तात्रय बनसोडे जिंकले आणि पुढे लोकसभेला हरले.

वर्ध्यात सामना रंगला. एका बाजूला मावळते खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, दुसऱ्या बाजूला प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. घराणेशाहीला उत्तर म्हणून आणलेल्या प्रयोगात दोन घराणी समोरासमोर आली. सागर मेघे जिंकले आणि लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. काही आठवड्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. सागर यांचे बंधू समीर मेघे त्याच वर्षी हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. म्हणजे पक्षाच्या मतदानात जिंकलेल्यानं पक्ष सोडला आणि हरलेल्या टोकस पक्षात राहिल्या. २०१९ मध्ये काँग्रेसनं वर्ध्याची उमेदवारी त्यांना दिली, या वेळी कुठलंही मतदान न घेता. तडस पुन्हा जिंकले. २०२४ ला वर्ध्याची जागा आघाडीत शरद पवारांच्या पक्षाला सुटली. त्या पक्षाकडे उमेदवार नव्हता, म्हणून काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे तुतारी घेऊन उभे राहिले आणि सुमारे ८१ हजार मतांनी निवडून आले.