रक्तात सोडियम कमी का झाले?

मिठात सोडियम असते. ते आपल्या रक्तातही असते. तपासणीत त्याचा आकडा १३५ ते १४५ असावा. तो फार उतरला तर माणूस बरळतो, झटकेही येतात. मग त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आपल्या मनाने मीठ वाढवू नका. आधी कारण शोधावे. जुलाब-उलट्यांनी मीठ व पाणी गेले, तर दोन्ही भरून द्यावे लागते. हृदय, यकृत वा मूत्रपिंड बिघडले, तर अंगात पाणी साठते. पाय सुजतात. रक्तातले सोडियम पातळ होते. तिथे जास्त मीठ घातक! पाणीच कमी प्यावे लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरते.

म्हणून डॉक्टर सूज पाहतात, लघवी तपासतात, औषधे विचारतात. गोवंडीकरांनो, पालिकेच्या शताब्दी रुग्णालयात जाताना चालू गोळ्या सोबत न्या. आकडा एकच, पण कारणे वेगळी. म्हणून उपायही वेगळे.