दगडी पाल्याला पोथी नाही

आमच्या महाविद्यालयातली औषधी वनस्पतींची बाग गेल्या महिन्यात जेसीबी लावून साफ केली. तिथं आता वाहनतळ होणार आहे. अडुळसा, निर्गुडी, कोरफड, सगळं एका सकाळीत गेलं. तेव्हापासून मन आमचं संशोधन चाललं होतं त्या नव्वदच्या दशकातच घुटमळतंय.

त्याआधीचं थोडक्यात सांगता येईल. पेनिसिलिनच्या यशानंतर जगभर झाडपाल्याचे अर्क जंतूंवर घालून पाहिले गेले, मग उत्साह ओसरला. आमचा विषय अशाच एका झाडपाल्याचा : आपल्याकडं विळा लागला की रानात चोळून लावतात तो दगडी पाला. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, त्यामुळं चरक-सुश्रुतांना ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्याचा गुण शेतात राबणाऱ्यांनी ओळखला. मणिपालच्या संशोधकांनी १९८२ मध्ये त्यावर निबंध छापला. १९९१ मध्ये त्यांनीच दाखवलं की कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्याच्या अर्कानं वाढतं. हा निबंध वाचून आम्ही कामाला लागलो.

काम संथ होतं. पाला सावलीत वाळवायचा, नमुना ओळख पटवायला पुण्याला वनस्पती सर्वेक्षणाकडं न्यायचा, मग अर्क काढायला सॉक्सलेट उपकरण लावायचं. उंदराच्या पाठीवरच्या जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडेनं पेन फिरवायचं आणि आलेखाच्या कागदावर चौकटी मोजायच्या. जखम आवळत चाललेली चौकटींत दिसायची. जंतूंच्या चाचणीत आमच्या मार्गदर्शक सरांचा एक हट्ट असे : अल्कोहोलात काढलेल्या अर्काच्या शेजारच्या खळग्यात नुसतं अल्कोहोल. ते स्वतःच जंतू मारतं. त्याची तुलना नसेल तर पाल्याचं श्रेय कसलं? ‘पाला चोळून डॉक्टरेट मिळते का,’ असं विचारणारे सहकारी तेव्हाही होते. एका मोठ्या रुग्णालयात सर फाइल घेऊन गेले, तेव्हा ती न उघडताच परत मिळाली. त्या अपमानाचा राग अजून गेलेला नाही.

त्याच दशकात हळदीचं प्रकरण झालं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्या विजयाचा मला अभिमान आहे. पण तो जुन्या ग्रंथांच्या आणि छापील निबंधांच्या पुराव्यावर मिळाला, आणि पुढं सगळं लक्ष जुन्या नोंदींच्या दप्तरांकडं वळलं. उपाय जुना आहे हे सिद्ध झालं, की त्याचा गुणही सिद्ध झाला असं लोक धरून चालले. दगडी पाल्यासारखी झाडं, ज्यांना पोथीच नाही, मागं राहिली. उंदरापर्यंत पोचलेलं काम मधुमेह्याच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमेपर्यंत न्यायला पैसा मिळाला नाही.

आता निबंधांचा पूर आला आहे. अर्क इतका दाट वापरतात की काहीही जंतू मारेल, आणि खळग्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजलं की निष्कर्ष तयार. परवा माझ्याकडं परीक्षणाला असाच एक निबंध आला, दगडी पाल्यावरचाच. झाडाचा नमुना कुठं जतन केला याचा उल्लेख नव्हता, नुसत्या अल्कोहोलचा खळगाही नव्हता. दोन्ही मागून मी तो परत पाठवला आहे.